मोठं घर लांब, छोटं घर जवळ: मुंबईकराचा सव्वाशे वर्षांचा पेच

हा भाग तुम्ही लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल, तर विषय तुमच्याच डब्यातला आहे. आणि वाचत असाल तर एवढंच सांगतो की बोललेलं थोडं नीट करून इथे उतरवलंय, बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

तर विषय असा. तुमच्याकडे शहराच्या आत वन आरके किंवा वन बीएचके आहे. स्टेशन चालत दहा मिनिटं. घरात माणसं वाढलीयेत किंवा वाढणार आहेत. आणि हे घर विकून, वर थोडं कर्ज काढून बदलापूर, नेरळ, विरार किंवा पनवेलच्या पुढे चक्क टू बीएचके मिळतोय. बाल्कनी, लिफ्ट, पार्किंग, खाली मुलांना खेळायला जागा. साइट ऑफिसातला मुलगा सांगतो, ‘सर, तीन वर्षांत हा सगळा एरिया डेव्हलप होणार.’ मग जायचं की नाही?

कर्जाच्या हप्त्यांवर आणि परताव्यावर बोलणारे व्हिडिओ तुमच्या फोनवर शेकड्याने आहेत. आपला प्रांत इतिहासाचा. आणि इतिहासात डोकावलं तर दिसतं की मुंबईत हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे आलाय. गिरगाव सोडून दादरला जावं का? परळची खोली विकून डोंबिवलीला जावं का? चेंबूरहून वाशीला? गावांची नावं बदलत गेली, प्रश्न तोच राहिला. आणि दरवेळी त्या स्वस्त घराच्या किमतीत एक गोष्ट लपलेली असायची, ती आज आपण उकरून काढू.

सुरुवात १८९६ पासून करूया. सप्टेंबर महिना. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली गोदामांची आणि दाट चाळींची वस्ती. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावाकडे पळाले. गिरण्या ओस, बाजार ओस. सरकार हादरलं, कारण मुंबई बंद म्हणजे कापूस बंद, बंदर बंद.

मग १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. लोकांच्या तोंडी नुसता ‘बीआयटी’. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांमुळे रोग पसरतो, तेव्हा त्या पाडा आणि हवा खेळेल असे रस्ते काढा, अशी त्यांची साधी समजूत. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातूनच निघाले. आता घरं पाडली तर माणसं कुठे जाणार? ट्रस्टने चाळी बांधल्या खऱ्या, पण ‘पाडताय जास्त, बांधताय कमी’ अशी ओरड तेव्हाही झाली.

ट्रस्टचं दुसरं काम आपल्या विषयाचं आहे. शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात त्यांनी जमीन घेतली आणि रस्ते आखून प्लॉट पाडले. आज दादर म्हणजे मुंबईचा मध्य, तिथे घर म्हटलं की आपण आकडा ऐकूनच गप्प बसतो. तेव्हा तिथे भातखाचरं, नारळीच्या वाड्या आणि पाणथळ होतं. म्हणजे त्या काळचं नेरळच समजा! नकाशावर चौकोन आखले म्हणून माणसं लगेच धावत गेली नाहीत. ऑफिस फोर्टात, बाजार काळबादेवीला, नातेवाईक गिरगावात, मग त्या चिखलात जाऊन राहायचं कुणी? योजना शतकाच्या सुरुवातीची, आणि वस्ती खऱ्या अर्थाने भरायला १९२० आणि ३० ची दशकं उजाडली. वीस-पंचवीस वर्षांचा हा उशीर लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा लागणार आहे.

दादर-माटुंग्याला एक नवी गोष्ट मिळत होती, तिचं नाव ‘ब्लॉक’. चाळीत असायची खोली किंवा बिऱ्हाड. नळ सार्वजनिक, संडास गॅलरीच्या टोकाला, सकाळी रांग. ब्लॉकमध्ये न्हाणीघर आणि संडास दाराच्या आत, आणि दार लावलं की संसार आपला. जुन्या पिढीतल्या कित्येकांना घरात संडास ही कल्पनाच अमंगळ वाटायची. पुढच्या पिढीला त्याशिवाय घरच घर वाटेना. आजही सत्तरीतला एखादा काका फ्लॅट न म्हणता ‘आमचा ब्लॉक’ म्हणतो, तो शब्द या काळातून आलाय.

या काळातली एक घरबदली तर आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब १९१२ पासून जवळपास बावीस वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण, लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टरी, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० ची गोलमेज परिषद... हे सगळं घडत असताना पत्ता तोच. विचार करा, जगातल्या मोठमोठ्या लोकांशी वाद घालून हा माणूस परत येतोय तो चाळीच्या जिन्यावर.

मग त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. परळहून दादर किती लांब? चालत जाता येईल. पण वस्ती वेगळी, बहुतेक सवर्ण मध्यमवर्गाची. आणि तिथे त्यांनी घर बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. हजारो ग्रंथ चाळीत मावेनात. घर बांधतानाच ग्रंथालयाचा विचार केलेला होता, बाकीचा संसार त्याच्या भोवती. रमाबाईंच्या वाट्याला मात्र हे घर फार थोडा काळ आलं. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचं निधन झालं. बावीस वर्षं चाळीत काढलेल्या बाईला ऐसपैस घरात जेमतेम वर्ष-दीड वर्ष मिळावं, हे वाचताना मला दरवेळी थांबावंसं वाटतं.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. जास्तीची खोली नेमकी कशासाठी हवीय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्यापैकी बरेचजण टू बीएचके बघायला जातो तेव्हा दुसरी बेडरूम कशासाठी असं विचारलं तर उत्तर येतं, ‘असू दे ना, लागते.’ कुणाला? आजारी सासऱ्यांना? दहावीतल्या मुलीला? वर्क फ्रॉम होमला? की वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांना? या चौघांची किंमत एकच नाही हो.

आता जरा आणखी उत्तरेला. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, रावबहादूर तल्मकींच्या पुढाकाराने. ओळखीची, एका ज्ञातीची माणसं एकत्र येऊन घर बांधतायत, हा सहकाराचा प्रयोग. तो यशस्वी झाला आणि तशा वसाहती वाढल्या. चांगली गोष्ट, पण तिच्या पोटात एक काटाही होता. वसाहत ज्ञातीची म्हणजे बाकीच्यांना दार बंद. आज घर भाड्याने शोधताना ‘व्हेजच हवेत’, ‘फॅमिलीच हवी’, आडनाव विचारून मग फोन ठेवणं, हे अनुभव तुमच्यापैकी कुणाला आले असतील तर त्याची मुळं बरीच खोल आहेत.

अशीच एक वसाहत जोगेश्वरीची सारस्वत बाग. गावदेवीत जन्मलेल्या एका मुलाचं लहानपण तिथे गेलं, आणि तो आठ वर्षांचा असताना कुटुंब पार्ल्याला आलं. तो मुलगा म्हणजे पु. ल. देशपांडे. म्हणजे बघा, ‘बटाट्याची चाळ’ लिहून अख्ख्या महाराष्ट्राला चाळीची सवय लावणारा माणूस वाढला उपनगरात! आणि त्या वेळचं पार्लं कसं होतं? शाळा नव्हती, तर १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय काढलं. सार्वजनिक काम करायला जागा नव्हती, तर १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ काढला. म्हणजे आधी राहायला गेलेल्यांनी वाट बघत न बसता ज्या गोष्टी नव्हत्या त्या उभ्या केल्या. संध्याकाळी सहाला घरी पोचणारी, एकमेकांना ओळखणारी, शिकलेली मंडळी होती, म्हणून जमलं. रात्री साडेनऊला बदलापूर स्टेशनवर उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘तुम्ही पण शाळा काढा’ असं सांगणं म्हणजे चेष्टा होईल.

पण पार्ल्याला जायला गाडी हवी. ती होतीच. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसातून जाताना एक आणि येताना एक! एवढ्या भांडवलावर उपनगर उभं राहत नाही. खरी उलथापालथ केली विजेने. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी धावली. जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेला कुलाबा ते बोरिवली, आणि १९२९ पर्यंत मध्य रेल्वेच्या बाजूला वीज कल्याणपर्यंत पोचली. वाफेच्या इंजिनाला प्रत्येक स्टेशनवर थांबून पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. विजेची गाडी झटकन उचलते, त्यामुळे गाड्या पाठोपाठ सोडता येतात. उपनगर कशामुळे राहण्याजोगं होतं याचं उत्तर इथे आहे. रूळ असून भागत नाही, त्यावर गाड्या किती मिनिटांनी येतात ते महत्त्वाचं. नेरळलाही स्टेशन आहेच की, आणि ठाण्यालाही आहे.

आता तुम्ही म्हणाल, गाड्या आल्या, ब्लॉक आले, मग गिरगाव-लालबागची माणसं दहा बाय बाराच्या खोलीत दोन-तीन पिढ्या का बसून राहिली? त्यांना हौस होती का?

हौस कसली. कायदा होता. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. लढाईच्या काळात घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, म्हणून भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. आणीबाणीचा उपाय म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. त्याच्या जागी नवा कायदा आला तो २००० साली. भाडेकरूला सहजासहजी काढता येत नाही आणि भाडं वाढत नाही, म्हटल्यावर खोली सोडायची कशाला? मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात मी दुरुस्ती का करू? जिन्याची फळी निखळली तरी तशीच. आणि खोली बदलायची तर पागडी. म्हणजे जाणारा आणि येणारा यांच्यातला रोखीचा व्यवहार, त्यात मालकाचा वाटा. स्वस्त भाडं हा आधार होता आणि बेडीही होती.

त्या खोलीत राहणं कसं होतं? १९७० मध्ये राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ नावाचा चित्रपट आला. नवीन लग्न झालंय, आणि घरभर माणसं. नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. लोक पोट धरून हसले, कारण ते त्यांच्याच घरी चाललेलं होतं. पुढे बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. मला वाटतं, मुंबईची उपनगरं वाढली त्यामागे या न मिळालेल्या कोपऱ्याचा वाटा कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा मोठा आहे. कुणी सरकारी अहवालात ते लिहीत नाही, एवढंच.

साठच्या दशकात आणखी एक शब्द मराठीत आला, ‘ओनरशिप’. बिल्डर इमारत बांधणार आणि एकेक जागा विकणार. तोपर्यंत मध्यमवर्गीय माणूस घर भाड्याने घ्यायचा. आता नोकरदाराने विकत घ्यायचं. आणि लगेच फसवाफसवीही सुरू झाली. पैसे घेऊन पत्ता नाही, सांगितलं एक दिलं दुसरं. म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्राने ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा केला. लेखी करार करा, नोंदणी करा, इमारत झाल्यावर जमिनीसकट सोसायटीच्या नावावर करा. १९७७ च्या ‘घरौंदा’ चित्रपटात तरुण जोडपं पै पै साठवतं आणि बिल्डर बुडवतो. म्हणजे कायदा होऊन चौदा वर्षं झाल्यावरही प्रेक्षकांना ती गोष्ट जुनी वाटत नव्हती! त्याच साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली. त्याआधी घर म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने आणि कोकणातल्या जमिनीचा तुकडा. पुढे मासिक हप्त्यावर घर ही गोष्ट हळूहळू रुळली.

डोंबिवली, ठाणे, बोरिवली, मुलुंड या लाटेत भरले. माझी आत्या लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा तिच्या इमारतीला विहिरीचं पाणी होतं, रहाटाने ओढायचं. ‘दोन खोल्या नि स्वयंपाकघर’ हे ती अजून अभिमानाने सांगते, पाण्याचं विचारलं की विषय बदलते. तिकडे कल्याण-डोंबिवली महापालिका झाली १९८३ मध्ये. तोवर माणसं कधीच येऊन राहिली होती.

१९८२ उजाडलं आणि कारण बदललं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, तो विरत गेला आणि गिरण्याही विरत गेल्या. पगार बंद झाल्यावर लालबाग-परळच्या घरात विकण्यासारखं काय उरलं होतं? खोली. अनेकांनी ती विकली, कर्ज फेडलं, मुलीचं लग्न केलं आणि उरलेल्यात नालासोपारा, विरार, कल्याणच्या पलीकडे घर घेतलं. कागदावर घर मोठं झालं. ‘अपग्रेड’ म्हणायचं का त्याला? चौरस फुटांनी मोजलं तर हो.

आता नवी मुंबईकडे येऊ, कारण वचन आणि प्रत्यक्ष यातलं अंतर मोजायला यापेक्षा चांगली पट्टी सापडणार नाही. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी कल्पना मांडली. खाडीच्या पलीकडे नवं शहर वसवा, सरकारी कचेऱ्या तिकडे न्या, म्हणजे सगळ्यांना सकाळी दक्षिणेकडे धावावं लागणार नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. आणि सरकारने काय केलं? समुद्र बुजवून नरिमन पॉइंटला कचेऱ्या उभ्या करणं चालूच ठेवलं! मंत्रालय हललं नाही. खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ मध्ये झाला, आणि वाशीला लोकल पोचली मे १९९२ मध्ये. मधली एकोणीस वर्षं वाशीकरांनी बसने काढली.

पुढची आकडेवारी ऐका. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००७ ची, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ चं. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. नेरुळहून उरणची लोकल खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये, आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन २००८ च्या सुमारास मंजूर, पूर्ण झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. सगळं झालं, खोटं काहीच नव्हतं. पण ज्यांनी ‘विमानतळ येतोय’ ऐकून २००८ मध्ये फ्लॅट घेतला, त्यांचं तेव्हा पहिलीत असलेलं मूल उद्घाटनापर्यंत नोकरीला लागलं.

म्हणून मला असं वाटतं की लांबचं घर स्वस्त असतं, कारण तिथे काहीतरी अजून आलेलं नसतं. पाणी, गाडी, दवाखाना, बरी शाळा, यातलं काहीतरी. तुम्हाला मिळणारी सूट ही त्या वाट बघण्याची मजुरी आहे. दादरला ती वीस-पंचवीस वर्षं होती, वाशीला एकोणीस. ब्रोशरवर लिहिलेली मात्र कायम तीनच वर्षं असतात.

आणि ही वाट घरातले सगळे सारखी बघत नाहीत. नवरा सकाळी सातला जातो, रात्री नऊला येतो. त्याच्यासाठी घर म्हणजे झोपायची जागा. टँकर आला का, सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणी सोडला, मुलाला ताप आला तर रिक्षा मिळते का, हे बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला. ती नोकरी करत असेल तर दोन्ही. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या बायकांचं आपण कौतुक करतो, फोटो काढतो. पण त्या डब्यात भाजी निवडतात कारण घरी पोचल्यावर निवडायला वेळ उरत नाही.

वेळेचा हिशोब करून बघा. समजा नव्या घरामुळे जायला एक तास आणि यायला एक तास जास्त लागतो. वर्षाला २७० दिवस कामाचे धरले तर ५४० तास. म्हणजे साडेबावीस अख्खे दिवस-रात्र. वीस वर्षांच्या कर्जात ४५० दिवस, सव्वा वर्षाच्या जवळपास. बँक याचा हप्ता लावत नाही, म्हणून तो दिसत नाही. आणि वेळेपेक्षा जड हिशोबही आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं दगावली आहेत, कुणी रूळ ओलांडताना, कुणी गर्दीतून पडून. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान भरलेल्या लोकलच्या दारात लटकणारी माणसं खाली पडली आणि किमान चार जण गेले. दाराला लटकणं ही कुणाची हौस नसते. त्यांचं घर लांब असतं आणि मस्टर जवळ.

जमीन कुणाची, हेही विचारायला हवं. ज्याला आपण ‘डेव्हलपिंग एरिया’ म्हणतो तिथे आधीपासून कुणी राहत असतं. नवी मुंबईसाठी आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पोलिस गोळीबारात पाच जण मारले गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. वसईत १९८० च्या दशकाच्या शेवटी हिरवा पट्टा बांधकामाला खुला झाला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या कार्यकर्त्यांनी विचारलं, एवढी माणसं येणार, त्यांना पाणी कुठून देणार? त्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं. पुढे वसई-विरारच्या रस्त्यांवर टँकरच्या रांगा लागल्या, तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मग जाऊच नये का? असं मी अजिबात म्हणत नाही. दादरला आधी गेलेल्यांचं भलं झालं, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मुलं शिकली. आणि न जाणाऱ्यांचंही बघा. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या, २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. तिथे टिकून राहिलेल्या वरळीच्या पहिल्या साडेपाचशे कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासात ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या, त्याच जागी. हे ऐकून ज्यांच्या आजोबांनी परळची खोली विकली त्यांना चुटपुट लागते. पण शंभर वर्षं तग धरणं हा सल्ला होऊ शकत नाही. आणि पगार बंद झालेल्या माणसाकडे तग धरायचा पर्याय होता कुठे?

माझं मत विचाराल तर घर बघताना ‘येणार आहे’ असं जे जे सांगितलं जाईल त्याची किंमत शून्य धरा. येईल तेव्हा आनंद आहे. आज आहे ते बघा. रविवारी दुपारी साइटवर जाऊ नका, तेव्हा सगळीच गावं छान दिसतात. सोमवारी सकाळी तिथल्या स्टेशनवर उभे राहा आणि तुमच्या वेळेच्या गाडीत शिरून दाखवा. शेजारच्या पाच वर्षं जुन्या इमारतीच्या वॉचमनला मे महिन्यात टँकर किती येतात ते विचारा, तो सेल्समनपेक्षा खरं सांगतो. महारेरा १ मे २०१७ पासून आहे, प्रकल्पाची नोंद, ताब्याची तारीख, तारीख किती वेळा पुढे ढकलली हे सगळं फोनवर दिसतं. १९६३ मध्ये लोकांना हे मिळालं असतं तर त्यांनी उड्या मारल्या असत्या, आणि आपण सॅम्पल फ्लॅटमधल्या पडद्यांचे फोटो काढून परत येतो.

नदीकाठचा ‘रिव्हर व्ह्यू’ असेल तर पूररेषा तपासा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी भागात उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदीने तेव्हा तिचा व्ह्यू जवळून दाखवला होता.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. खरंच विचारा, निर्णय झाल्यावर कळवू नका. सत्तरीतल्या आईसाठी गॅलरीत उभं राहिल्यावर ओळखीचा चेहरा दिसणं, दूधवाला, देऊळ, औषधं उधार देणारा केमिस्ट, हे सगळं घराचाच भाग असतं. सतराव्या मजल्यावरच्या ऐसपैस हॉलमध्ये दिवसभर एकटी बसलेली आई आणि दहा बाय बाराच्या खोलीत चार शेजारणींशी भांडणारी आई, यातली कोण सुखी आहे हे चौरस फुटांत कळत नाही. दुसरीकडे, त्याच खोलीत माळ्यावर बसून बारावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला विचारलंत तर ती म्हणेल, उद्याच जाऊया. दोघींचं खरं आहे. म्हणूनच हा निर्णय अवघड आहे, आणि कुठलंही कॅल्क्युलेटर तो तुमच्यासाठी घेणार नाही.

पुढच्या भागात पागडीवर सविस्तर बोलू, कारण त्या एका शब्दावर तुमचे पन्नास मेसेज आहेत. तोवर एक काम करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, आपण या घरात कुठल्या साली आलो, त्याआधी कुठे होतो, आणि इथे नळाला पाणी कुठल्या साली आलं. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. निवडक मेसेज पुढच्या वेळी ऐकवतो.